१३ वर्षांच्या मुलाचा तिसरा मुतखडा, आणि किडनीच्या पेशीतली एक जोडी

पार्श्वभूमी

मी सांगलीत एका कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते. आमच्या लॅबमध्ये जे अटेंडंट आहेत त्यांना सगळे आण्णा म्हणतात, तासगावच्या बाजूला गाव, थोडी शेती, रोज एसटीनं येऊन-जाऊन. घर ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदललेत आणि मुलाला आपण सोन्या म्हणू. लिहायला आण्णांनीच सांगितलं, म्हणाले, "लिवा मॅडम, दुसऱ्या कुणाच्या पोराचं तरी वेळेत कळंल."

गेल्या वर्षी जूनमध्ये एका सकाळी आण्णांनी होमिओपॅथीच्या गोळ्यांची प्लास्टिकची डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली. आत कापसावर एक खडा. तुरीच्या डाळीच्या निम्म्याएवढा, पिवळसर, मध गोठल्यासारखा रंग आणि वरून मेण लावल्यासारखा तुळतुळीत. "पोराच्या लघवीतनं पडलाय काल. ह्यात काय हाय ते आपल्या लॅबात कळंल का?"

मी आधी जे दोन-चार मुतखडे पाहिले होते ते काळपट, खरखरीत, काटे असलेले होते, हा तसा अजिबात नव्हता, आणि तिथंच माझ्या डोक्यात पाल चुकचुकली.

सोन्या तेव्हा आठवीत, १३ वर्षांचा. पहिला खडा ९ व्या वर्षी, दुर्बिणीतून लेझरनं काढला. दुसरा ११ व्या वर्षी, दुसऱ्या बाजूच्या किडनीत, त्याला दोनदा शॉकवेव्ह दिली पण फुटलाच नाही म्हणून शेवटी पाठीतून भोक पाडून काढावा लागला. हा तिसरा. दोन्ही वेळेला खडा घरी दाखवला, बघून झाला आणि टाकून दिला. तपासायला कुणी पाठवला नाही, आण्णांनीही विचारलं नाही, कारण विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. "कॅल्शियमचा असंल" एवढ्यावर मिटलं.

आणि त्या "असंल" वर चार वर्षं पोराचं खाणं चाललं होतं. टोमॅटो बंद, पालक बंद, दूध पूर्ण बंद. बोअरचं पाणी सोडून जारचं पाणी. गावातून कुणी पानफुटीची पानं आणून द्यायचं, आजी कुळथाचं कढण करायची. सगळं मायेनंच चाललेलं, पण खड्यात काय आहे हे न बघता.

अडचण काय होती

लहान मुलाला खडा झाला, त्यातही परत परत, दोन्ही बाजूंना, तर पाणी कमी पितो म्हणून झाला असं म्हणून सोडून देता येत नाही. मोठ्या माणसांच्या खड्यांत सिस्टीन या अमिनो आम्लाचे खडे साधारण १ ते २ टक्के असतात, मुलांत मात्र ६ ते ८ टक्के. आणि सिस्टीनचा खडा शॉकवेव्हला सहजी दाद देत नाही हे जुनं माहीत असलेलं. म्हणजे दुसऱ्या वेळेला खडा फुटला नाही तोच खरं तर पहिला इशारा होता. हे मला आज दिसतंय, तेव्हा माझ्यापुढं केस आली असती तर मलाही दिसलं असतं का, सांगता येत नाही.

आता हा आजार नेमका कुठं आहे ते सांगते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरले.

किडनीत रक्त गाळलं जातं, मोठ्या माणसात दिवसाला जवळजवळ १८० लिटर, आणि त्या गाळात अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीन ज्यांपासून बनतं ते छोटे घटक, तीही जातात. ती फुकट जाऊ नयेत म्हणून पुढच्या नळीतल्या पेशी ती परत आत ओढून घेतात. पेशीचा पडदा चरबीचा असतो, त्यातून अमिनो आम्ल आपोआप जात नाही, वाहून नेणारं प्रोटीन लागतं. सिस्टीन, ऑर्निथिन, लायसिन आणि आर्जिनिन या चौघांसाठी जे वाहतूक प्रोटीन आहे ते एकटं नसतं, दोन वेगळ्या प्रोटीनांची जोडी असते. एकाचं नाव आर-बॅट, दुसऱ्याचं बी-झिरो-प्लस-ए-टी.

वर्गात मी हे ऊसवाहतुकीवरून सांगते. बी-झिरो-प्लस-ए-टी म्हणजे ट्रॉली. माल तीच वाहते, पडद्यातून १२ वेळा आरपार गेलेली तिची घडण, मधून सिस्टीन आत येतं आणि बदल्यात दुसरं एखादं अमिनो आम्ल बाहेर जातं. आर-बॅट म्हणजे ट्रॅक्टर. तो पडद्यातून एकदाच आरपार जातो, त्याचं मोठं डोकं पेशीच्या बाहेर असतं, आणि तो स्वतः माल वाहत नाही. पण त्याच्याशिवाय ट्रॉली शेतातून हलत नाही. दोघांना जोडणारी पिन म्हणजे गंधकाचे दोन अणू एकमेकांना धरतात तो डायसल्फाइड बंध.

जोडणी होते ती पेशीच्या आत, जिथं नवीन प्रोटीनं घडी घालून तयार होतात त्या जाळ्यात, एंडोप्लाझमिक रेटिक्युलममध्ये. तिथं तपासणी कडक असते. जोडीदार न मिळालेला आर-बॅट तिथंच अडवला जातो आणि मोडीत काढला जातो, आणि एकटी ट्रॉलीही पडद्यापर्यंत पोचत नाही. जोडी जुळली की असे दोन संच एकत्र येऊन चौघांचा एक कॉम्प्लेक्स होतो, आर-बॅटची बाहेरची डोकी एकमेकांना टेकून. त्याची रचना क्रायो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं २०२० मध्ये दिसली. ट्रॅक्टर-ट्रॉलीची उपमा इथं थोडी तुटते, कारण कारखान्यावर ट्रॉली सोडून ट्रॅक्टर मोकळा होतो, तसं इथं होत नाही, पडद्यात पोचल्यावरही दोघं जोडलेलेच राहतात.

म्हणून बिघाड ट्रॅक्टरमध्ये असो की ट्रॉलीमध्ये, बाहेरून दिसणारा आजार तोच. त्याला सिस्टिनुरिया म्हणतात, जगात साधारण ७००० माणसांत एकाला. आर-बॅटमधला सगळ्यात जास्त अभ्यासलेला बदल घ्या, ४६७ व्या जागी मेथिओनिनऐवजी थ्रिओनिन येतं, बास, एवढंच. ट्रॅक्टर तयार होतो पण नीट घडी बसायला वेळ लागतो आणि बरेचसे ट्रॅक्टर आतल्या तपासणीतच अडकून पडतात. प्रोटीन आहे, पण जागेवर नाही.

चार अमिनो आम्लं लघवीत जातात, तिघं निमूट विरघळून जातात. सिस्टीन मात्र लघवीत फार विरघळत नाही, लघवीच्या नेहमीच्या आम्लतेला लिटरमागं साधारण २५० मिलिग्रॅम, त्याच्या वर गेलं की खडे. सिस्टीन हे नावच १८१० मध्ये वोलॅस्टन यांना मूत्राशयातल्या खड्यात सापडलेल्या पदार्थावरून पडलंय, म्हणजे प्रोटीनात हे असतं ते नंतर कळलं, खडा आधी. सिस्टीन स्वतः दोन सिस्टेईन त्याच गंधकाच्या बंधानं जोडून झालेलं असतं. ट्रॅक्टर-ट्रॉलीची पिन तीच आणि खड्यातही तीच, हे मला दरवर्षी शिकवताना थांबवतं.

पर्याय

आण्णा टेबलासमोर उभे, डबी मध्ये. माझ्यापुढं चार वाटा होत्या.

एक, सायनाइड-नायट्रोप्रुसाइड टेस्ट. लघवीत सिस्टीन जास्त असेल तर जांभळट-किरमिजी रंग येतो, दहा मिनिटांचं काम, पुस्तकात दिलेली. हात शिवशिवत होते हे खरं. पण सायनाइड ते सायनाइडच, आमचं फ्युमहूड, म्हणजे विषारी वाफा ओढून घेणारं कपाट, अर्धवट चालतं, शिवाय आपली लॅब रुग्णाची लॅब नाही. नाही केली, आणि हा निर्णय आजही बरोबर वाटतो.

दोन, खडा इन्फ्रारेड तपासणीला पाठवणं. खात्रीचं, पण आठ-दहा दिवस.

तीन, सरळ जनुकाची तपासणी. हे मला फार हवं होतं. ट्रॅक्टरमध्ये बिघाड आहे की ट्रॉलीमध्ये हे कळलं असतं. पण त्याला पैसे लागतात, आणि मी रात्री घरी जाऊन स्वतःला विचारलं की हे सोन्याला हवंय की मला? उत्तर काही अवघड नव्हतं.

चार, सकाळची पहिली लघवी मायक्रोस्कोपखाली बघणं. याला काही खर्च नाही, धोका नाही.

काय केलं

खडा पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी आण्णा स्वच्छ बाटलीतून नमुना घेऊन आले. फ्रिजमध्ये ठेवून थंड केला, सेंट्रिफ्यूज केला, तळाचा एक थेंब काचेवर. ४० च्या लेन्सखाली पहिल्याच नजरेत दिसले, षटकोनी, पातळ, बिनरंगाचे पत्रे, काही एकटे, काही एकावर एक सरकलेले, कडा पट्टीनं आखल्यासारख्या. सिस्टीनचे स्फटिक असेच दिसतात. पण युरिक आम्लाचे स्फटिकही कधीकधी षटकोनी दिसतात, म्हणून कव्हरस्लिपच्या कडेला पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब सोडला. युरिक आम्ल त्यात विरघळत नाही, सिस्टीन विरघळतं. हे कडेपासून विरघळत गेले, डोळ्यांदेखत कोपरे गोल झाले आणि मग काहीच उरलं नाही. आण्णांनाही दाखवलं. ते बराच वेळ आयपीसला डोळा लावून होते.

खड्याचा रिपोर्ट आला, पूर्ण सिस्टीन. मिरजेत एका किडनीच्या डॉक्टरांकडं आम्ही दोघं सोन्याला घेऊन गेलो, त्यांनी २४ तासांची लघवी पाठवली. निरोगी माणसात दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या आत सिस्टीन जातं. सोन्याचं ८१० आलं. आणि २४ तासांत लघवी झाली होती १.१ लिटर.

डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला आण्णांसमोर गणित मांडलं, ते मला फार आवडलं. ८१० भागिले १.१, लिटरला जवळजवळ ७३६. मावतं २५०. मग ८१० मावायला किती पाणी लागेल? सव्वातीन लिटर. "पाणी किती प्याला ते नाही मोजायचं आण्णा, लघवी किती झाली ते मोजायचं." चार वर्षं सगळे त्याला पाणी पी पाणी पी म्हणतच होते, पण किती, हा आकडा पहिल्यांदा कुणीतरी दिला.

आकडा मिळाला तसं खरं कारणही बाहेर आलं. सोन्या शाळेत पाणी प्यायचाच नाही. तासाला सोडत नाहीत, आणि मधल्या सुट्टीत मुतारीत जायची सोय अशी की पोरं टाळतात. सकाळी सातला घरातून निघायचा, दुपारी येईपर्यंत कोरडा. डॉक्टरांचं पत्र घेऊन मी आणि आण्णा शाळेत गेलो. वर्गशिक्षकांनी ऐकून घेतलं, शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची परवानगी दिली आणि सोन्याला दाराजवळच्या बाकावर बसवलं, म्हणजे न विचारता जाता येईल.

रात्रीचं अवघड गेलं. रात्री लघवी घट्ट होते आणि खडा वाढतो तो जास्त करून रात्री, म्हणून झोपताना दोन ग्लास आणि दोन वाजता उठून लघवी आणि परत एक ग्लास. पहिला महिना वहिनी, म्हणजे सोन्याची आई, उठवायच्या.

लघवी आम्लाकडून थोडी अल्कलीकडं न्यायला पोटॅशियम सायट्रेट सुरू केलं, पीएच ७ ते ७.५ च्या आसपास ठेवायचा, कारण पीएच वर गेला की सिस्टीन जास्त विरघळतं, पण फार वर नेला तर कॅल्शियम फॉस्फेटचा खडा व्हायची भीती. पट्टी लावून रोज मोजायचं, वहीत लिहायचं. आणि मीठ कमी, कारण मीठ कमी खाल्लं की सिस्टीनही कमी बाहेर पडतं. लोणचं, पापड, आणि भडंग. भडंग म्हटल्यावर सोन्याचा चेहरा पडला. सांगलीतल्या पोराला भडंग बंद म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल, आम्ही घरी कमी मिठाचं करून बघितलं, त्याला काही ते भडंग वाटलं नाही.

दूध मात्र परत सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, वाढतं वय आहे, दूध तोडायचं काही कारणच नव्हतं. कढणही चालेल म्हणाले, बिनमिठाचं.

बंध तोडून सिस्टीनला विरघळणाऱ्या रूपात आणणारी औषधं आहेत, टायोप्रोनिन आणि डी-पेनिसिलामिन, पण त्यांचे दुष्परिणाम सांभाळावे लागतात. ती आत्ता नको, आधी पाणी आणि सायट्रेटवर सहा महिने बघू असं ठरलं.

जिथं चुकलं

दोन ठिकाणी चुकलं, आणि दोन्ही वेळेला बोलण्यात.

पहिली चूक माझी. मायक्रोस्कोपखाली दिसल्या दिसल्या मी आण्णांना लॅबमध्येच उभ्या उभ्या सांगितलं, "हे आनुवंशिक आहे." आण्णांनी सख्ख्या मामाची मुलगी केलेली, म्हणजे वहिनींची सासू त्यांची सख्खी आत्या. आमच्या भागात अशी लग्नं घरोघरी आहेत. त्या रात्री घरात "कुणाकडनं आलं" सुरू झालं आणि आजी वहिनींना म्हणाल्या की आमच्यात कुणाला खडा नव्हता. हे मला आठ दिवसांनी कळलं. खरं असं की हा बदल आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन्ही आल्याशिवाय असा आजार सहसा होत नाही, आणि नवरा-बायको आते-मामे भावंडं असली तर दोघांकडं तोच बदल एकाच पूर्वजाकडून आलेला असायची शक्यता वाढते. म्हणजे वंशावळ काढली तर बोट आजींच्याच माहेराकडं गेलं असतं. मी कागदावर ती काढलीही होती, अर्धे भरलेले गोल आणि चौकोन. नेली नाही. घरी जाऊन एवढंच सांगितलं की असे एक-दोन बदल प्रत्येकाच्या अंगात असतात, माझ्याही असतील, दोन सारखे एकत्र आले हा योग. आजींना मी म्हटलं, आजी, यात सून नाही आणि सासू नाही. त्या काही बोलल्या नाहीत, चहा ठेवायला उठल्या.

आज असतं तर आधी दोघांना एकत्र बसवलं असतं, आण्णांना एकट्याला सांगितलंच नसतं.

दुसरी चूक नावाची. पुतण्यानं मोबाईलवर शोधलं आणि सिस्टिनुरियाऐवजी सिस्टिनोसिस वाचलं. तो वेगळाच आजार, त्यात पेशीतल्या लायसोसोमच्या, म्हणजे टाकाऊ माल मोडणाऱ्या पिशवीच्या, पडद्यावरचं सिस्टिनोसिन हे प्रोटीन बिघडतं, सिस्टीन पेशीच्या आत साठतं आणि उपचार नाही मिळाले तर लहानपणीच किडन्या जातात. एक अख्खी रात्र घर रडलं. शेवटच्या दोन-तीन अक्षरांचाच फरक वाटतो, पण एकात माल पेशीत येत नाही आणि दुसऱ्यात माल बाहेर पडत नाही. निदानाचं नाव मी मोठ्या अक्षरात लिहून द्यायला हवं होतं, आणि खाली "सिस्टिनोसिस नाही" असंही.

जनुकाचा प्रश्न

ही तपासणी शेवटपर्यंत केली नाही. त्याऐवजी आई-वडिलांची लघवी तपासली. आर-बॅटच्या जनुकात एकच बिघडलेली प्रत असलेल्या माणसाची लघवी बहुतेक नॉर्मल असते, ट्रॉलीच्या जनुकात असेल तर बऱ्याचदा सिस्टीन थोडं वाढलेलं दिसतं. आण्णा आणि वहिनी दोघांचं नॉर्मल आलं, म्हणजे कल आर-बॅटकडं. कल एवढंच, पुरावा नाही. उपचार दोन्हीकडं तेच, म्हणून डॉक्टर इथंच थांबले.

माझ्या विद्यार्थ्यांना मात्र यावरून मी एक गोष्ट सांगितली. १९९२ मध्ये आर-बॅट सापडलं तेव्हा त्याचा आरएनए, म्हणजे जनुकाची कामापुरती नक्कल, बेडकाच्या अंड्यात टोचला की अंडं सिस्टीन आत घ्यायला लागायचं, त्यामुळं हेच वाहतूक प्रोटीन असं वाटलं. पण पडद्यातून एकदाच आरपार जाणाऱ्या प्रोटीनात वाट कुठून येणार? अंड्यात त्याचं स्वतःचं जोडीदार प्रोटीन आधीच होतं. १९९४ मध्ये आर-बॅटचं जनुक या आजाराशी जोडलं गेलं, तरी काही घरांत ते जनुक ठणठणीत निघायचं, आणि दुसरा जोडीदार हाती लागायला १९९९ उजाडलं. ज्यांना जनुक तपासायचंच असेल त्यांनी दोन्ही तपासायला सांगावं, एकच बघून "नॉर्मल" म्हणू नये.

निकाल

१४ महिने झाले. नवीन खडा नाही. डाव्या किडनीत पहिल्या सोनोग्राफीत ३ मिलिमीटरचा एक दिसला होता, तो आहे तेवढाच आहे. २४ तासांची लघवी आता अडीच ते तीन लिटर होते, सव्वातीनचा आकडा उन्हाळ्यात काही गाठता आला नाही, एप्रिलमध्ये तर घामातच सगळं जात होतं. सायट्रेटनं पीएच वर असल्यामुळं ते निभावलं असं डॉक्टरांचं म्हणणं. टायोप्रोनिन अजून लागलेलं नाही.

पण या प्रकरणात सगळ्यात मोठं जे झालं ते सोन्याचं नाही. त्याची धाकटी बहीण ८ वर्षांची, तिला कधी पोटात दुखलं नाही, काही नाही. भावंडाला हा आजार असायची शक्यता चारात एक, म्हणून डॉक्टरांनी तिचीही लघवी मागितली. आण्णा तयार नव्हते, म्हणाले पोरीला कशाला त्यात ओढायचं, उद्या लग्नाला अडचण. वहिनी तयार झाल्या. त्यांनी आण्णांना न विचारता बाटली भरून माझ्याकडं पाठवली आणि फोन केला, "ताई, तुम्हीच पाठवून द्या लॅबला." मी नमुना ठेवून घेतला आणि आण्णांना बोलावून घेतलं, त्यांच्या माघारी पाठवला नाही. अर्धा तास बोललो. सोन्याच्या पाठीवरच्या व्रणाचा विषय मी काढला नाही, त्यांनीच काढला, आणि मग स्वतः नमुना घेऊन गेले.

तिचंही सिस्टीन वाढलेलं आलं. सोनोग्राफी स्वच्छ, एकही खडा नाही. तिची पाण्याची बाटली गुलाबी आहे, बाजूला मार्करनं तासांच्या रेघा मारल्यात, त्या सोन्यानं मारून दिल्यात. पीएचच्या वहीत आता दोन रकाने आहेत. दिवाळीतले सहा दिवस दोन्ही रकाने मोकळे आहेत, त्यानंतर परत आकडे सुरू होतात, ६.५, ७, ७.